चपला बाहेर काढून येणारी माणसं

आयुष्यात मी पुष्कळदा चुकीच्या जागी बसलो. परीक्षेला चुकीच्या वर्गात बसलो. एका लग्नात आग्रहाने वाढतात म्हणून जिलबीची चौथी फेरी घेईपर्यंत बसलो, आणि मग कळलं की आमचं लग्न वरच्या हॉलमध्ये आहे. ऑफिसात एकदा साहेबाच्या खुर्चीत बसून साहेबालाच ‘जरा दार लावून घ्या’ म्हणालो. पण एका अनोळखी बाईच्या मांडीवर मी एकदाच बसलो. ते लालबागच्या चाळीत, शेजारच्या काकांच्या खोलीत. आणि ती बाई तिथे नव्हती.

तेव्हा मी मामाच्या रिकाम्या खोलीत नुकताच राहायला आलो होतो. काकांची खोली माझ्यापासून दोन दारं सोडून. नवीन पोरगा आलाय, एकटा आहे, म्हणून रविवारी सकाळी त्यांनी चहाला बोलावलं. काकू कॉटवर बसून केस विंचरत होत्या. ट्रेमध्ये चार कप होते. आम्ही माणसं तीन. मी मनात म्हटलं, वा, एक कप जास्तीचा, आपला दुसरा राउंड पक्का. आणि खिडकीजवळच्या लाकडी खुर्चीत जाऊन टेकलो.

“अरे मेल्या!” काकू किंचाळल्या. “खंय बसलंस? तिच्या मांडयेर बसलंस ना!”

मी विंचू चावल्यासारखा उठलो. खुर्चीकडे बघितलं, काकूंकडे बघितलं. काका मात्र शांतपणे पुढे झाले, रिकाम्या खुर्चीला हात जोडले आणि म्हणाले, “माफ करा हां वहिनी. नवीन आहे पोरगा. ऑफिसात काम करतो, त्यामुळे समोरचं माणूस दिसत नाही.” मग चौथा कप त्यांनी खुर्चीच्या हातावर ठेवला.

मी चहा उभ्यानेच प्यायलो. तोंड भाजलं. पण बाहेर पळायची घाई इतकी होती की ते नंतर कळलं.

गॅलरीत काकांनी मला गाठलं. “दोन गोष्टी लक्षात ठेव,” ते म्हणाले. “इकडे आलास की बसायच्या आधी विचारायचं, ‘बसू का?’ तिने सांगितलं तिथेच बसायचं. आणि दुसरं, ‘कोणी नाही’ हे शब्द तिच्यासमोर काढायचे नाहीत. कधीच नाही.”

काकूंना कंपवात होता. सकाळी उठायच्या तेव्हा हात-पाय लाकडासारखे, चेहरा सुद्धा हलायचा नाही. गोळी घेतली की हळूहळू अंग सुटायचं. मग त्या उठून बसायच्या, स्वतःच्या हाताने केस विंचरायच्या, अंबाडा घालायच्या, कधी हात अगदी चांगला असला तर तांदूळ निवडायच्या. गोळीने हात परत दिला होता. पण गोळीबरोबर माणसंही आली. एक बाई यायची, पोपटी लुगडं नेसून. आणि दोन वेण्यांच्या दोन मुली, त्या कॉटखाली खेळायच्या. डॉक्टर याला भास म्हणायचे. गोळीचा त्रास, काहींना होतो. काका त्यांना पाहुणे म्हणायचे.

“पहिल्यांदा मीच बोललो होतो तिला,” काका सांगत होते. “म्हटलं, कोणी नाही गो, येडी झालीस काय? त्या दिवशी जेवलीच नाही. मला वाटलं हाताने जमत नसेल, म्हणून भरवायला गेलो. तर तोंड फिरवून म्हणते, तुमका माझा खरा वाटणा नाय, तर तुमच्या हातचा मी कशाक खाव?” काका कठड्याला टेकले. “आता तूच सांग. हात पाहिजे तर पाहुणे घ्यावे लागतात. घेतले. आपण गिरणगावातली माणसं, पाहुण्यांना काय घाबरायचं? एका खोलीत अकरा-अकरा जण राहिलोय आपण. हे तीन तर जेवत पण नाहीत.”

यानंतर मी काकांना जे जे करताना पाहिलं, ते दुसऱ्या कोणी केलं असतं तर मी हसून लोळलो असतो. संध्याकाळी गोळीनंतर काकू दाराकडे बघून म्हणायच्या, “इली बघा.” की काका बाहेर यायचे, उंबऱ्याजवळ वाकायचे आणि हवेतल्या चपला उचलून भिंतीकडे नीट लावायचे. लोकांच्या पायात येतात म्हणून. एकदा मीच घाईत तिथून चाललो होतो तर मला दंडाला धरून बाजूला घेतलं. “बघून चाल. मुलींचे बूट आहेत.” मी ‘सॉरी’ म्हणालो. कोणाला म्हणालो, देव जाणे.

काका गिरणीत शिक्का खात्यात होते. तयार कापडाच्या ताग्याच्या टोकाला गिरणीचं नाव, मालाचं नाव असा शिक्का मारायचा, हे त्यांचं काम. गिरणी बंद पडून जमाना झाला, मग त्यांनी कुरियरच्या ऑफिसात नोकरी केली, तीही संपली. पण शिक्क्याची खोड गेली नाही. हातात काहीही आलं की ते उलटं करून बघायचे. कप आला, उलटा. बिस्किटाचा पुडा, उलटा. मी नवीन शर्ट घालून निघालो की माझी कॉलर मागून उलटी करून वाचायचे. आणि गोळी काकूंच्या तळहातावर ठेवायच्या आधी तिच्यावर हलकी फुंकर मारायचे. शिक्क्याची शाई वाळवायची सवय, दुसरं काही नाही. पण काकूंना त्याची इतकी सवय झाली होती की फुंकर न मारलेली गोळी त्या घ्यायच्या नाहीत.

माझं ऑफिस लोअर परळला, काचेच्या इमारतीत, काकांच्याच गिरणीच्या जागेवर. त्यांनी मला खोदून खोदून विचारलं. गेट कुठे, लिफ्ट कुठे, चिमणी दिसते का, तुझं टेबल कुठल्या अंगाला. सगळा हिशेब लावून म्हणाले, “म्हणजे तू ब्लीचिंग खात्यात बसतोस. तरीच रंग उडालाय तुझा.”

संध्याकाळी गॅलरीत औषधांची बैठक बसायची. पूर्वी म्हणे याच गॅलरीत बोनसवर चर्चा व्हायची, युनियनवर व्हायची. आता प्रत्येकाच्या हातात स्ट्रिप. समोरच्या वहिनींना ब्लड प्रेशरच्या गोळीने कोरडा खोकला लागला होता, त्या बोलण्यापेक्षा खोकायच्या जास्त. त्यांच्या मिस्टरांना दुसऱ्या गोळीने घोट्याला सूज आली होती. ते पाय कठड्यावर ठेवून अंगठ्याने दाबून दाखवायचे, खड्डा पडतो बघा. मग एखादा म्हणायचा, कंपनीची गोळी घ्या, असलं काही होत नाही. दुसरा म्हणायचा, सगळी एकाच मातीची, नुसतं नाव विकतात.

मीही एकदा भाव खायला सर्दीच्या गोळीच्या खोक्यातला कागद मोठ्याने वाचून दाखवला. चक्कर, मळमळ, धडधड, अंगाला खाज. वाचता वाचता मला चक्कर आली. मग मळमळलं. खाज सुटली तेव्हा वहिनी खोकत खोकत म्हणाल्या, “भावोजी, गोळी घेतलीत कधी?” घेतली नव्हती. खिशातच होती.

अशा बैठकीत वाद फार रंगला की काका शेवटचा शब्द टाकायचे. “या हातांनी एकाच ताग्याला दोन शिक्के मारलेत. अर्धा तागा शोरूमला, अर्धा मंगळवारच्या बाजाराला. कापड तेच. शिक्का पुसला की सगळे तागे भाऊ-भाऊ.” सगळ्यांच्या अंगावर त्यांनीच शिक्का मारलेलं कापड कधीतरी होतं.

म्हणूनच पुढचं सगळं काकांना इतकं लागलं.

झालं असं, की काकूंची नेहमीची गोळी दुकानात येईना. कंपनीचा माल अडकलाय, आठवडाभराने बघा, मग परत आठवडाभराने बघा. औषध आणायचं काम तोवर माझ्याकडे आलं होतं, कारण ऑफिसातून येताना वाटेत दुकान लागायचं. परळला पुलाखाली जेनेरिकचं दुकान नवीन उघडलं होतं. मी तिथून तीच गोळी दुसऱ्या नावाची आणली आणि काकांना व्याख्यान दिलं. काका, औषध तेच, मात्रा तीच, नुसतं वरचं नाव वेगळं. मोबाईलवर वाचलेलं सगळं ओकलो. मला वाटलं म्हातारा हुज्जत घालेल. काकांनी स्ट्रिप उलटी केली, उजेडात धरली आणि हसले.

“मला शिकवतोस? अरे, हे तर माझंच खातं.”

गोळीवर फुंकर मारून त्यांनी ती काकूंच्या हातावर ठेवली. हात सुटला. केस विंचरले गेले. मी घरी जाऊन स्वतःवर खूश होऊन आम्लेट केलं. तेही करपलं, पण तो भाग वेगळा.

पुढच्या काही दिवसांत कधीतरी तो आला.

काकूंनी आधी सांगितलंच नाही. नुसत्या कॉटच्या पायथ्याकडे बघायच्या आणि पाय आखडून घ्यायच्या. मग एका संध्याकाळी मी ‘बसू का?’ विचारलं तर म्हणाल्या, “बस. पण तेका पाठ करू नको.”

“कोणाक गो?” काकांनी विचारलं.

“तो उभो हा तो. भिजलेलो. पायात बूट तसेच. बोलणा नाय काय नाय, नुसतो माझ्याकडे बघता.”

काका त्याच्याशी आधी माणुसकीने वागले. पाचवा कप मांडला. “बसा, साहेब. कुठून आलात? टॉवेल देऊ?” टॉवेल कॉटच्या कडेवर ठेवलासुद्धा. तो काकूंनी पायाने खाली ढकलला. मग काका विनवणीवर आले. मग शिव्यांवर. पोपटी लुगड्यातली बाई यायची बंद झाली, मुलीही गेल्या. तो एकटाच उरला आणि तो जाईना. काकूंच्या हातात कंगवा असायचा, पण केसांपर्यंत जायचा नाही. मान खाली घातली तर तो जवळ येतो, म्हणायच्या.

“आधीची माणसं चपला बाहेर काढून यायची,” काका गॅलरीत मला म्हणाले. “हा बूट घालून आत आलाय. गोळी बदलली तेव्हापासून.” आणि मग, स्वतःशीच, “पण कापड तर एकच असतं. मी बघितलंय की.”

मी म्हणणार होतो की योगायोग असेल. पण काकांचा चेहरा बघून माझ्या तोंडात आलेला मोबाईल मी परत गिळला.

मग तो रविवार आला. दुपारची वेळ, चाळ जेवून पेंगत होती. काकूंची किंकाळी आली. मी धावलो तर काका शर्टाची बटणं लावत होते. पाहुण्याला पोचवायला जायचं तर गंजीफ्रॉकवर कसं जाणार? बटणं लावून झाली, केसांवरून पाणी फिरवलं, आणि त्यांनी कॉटच्या पायथ्याशी हवेत झेप घेऊन कोणाची तरी कॉलर धरली.

“चल! खूप झालं! धर रे ह्याचा दुसरा हात!”

मी धरला. काय धरलं, ते मला विचारू नका. दारातून बाहेर पडेपर्यंत काकूंचा आवाज आला, “मेल्यान सोडलो तेचो हात! वर धर, उंच हा तो!” मी हात वर केला. चाळीचा अख्खा मजला दारात उभा होता. समोरच्या वहिनी खोकायच्याही विसरल्या. काका घामाघूम, पुढे ओढतायत, मी मागून हात उंच धरून, दिंडीत झेंडा धरावा तसा. जिन्यात एक माणूस वर येत होता, तो भिंतीला चिकटून म्हणाला, “जाऊ द्या, जाऊ द्या.” तीन माणसांना लागेल इतकी जागा त्याने दिली. त्याचा मी आजही ऋणी आहे.

बसस्टॉपवर काका दम खात उभे राहिले, पण मूठ सोडली नाही. बस आली. कंडक्टर दारात होता. “आजोबा, चढताय का?”

“मी नाही. हे.”

कंडक्टरने रिकाम्या फुटबोर्डकडे बघितलं. मग काकांच्या मुठीकडे. मग माझ्या वर केलेल्या हाताकडे, आणि मी त्याच्याकडे अशा नजरेने बघितलं की दगडालाही दया यावी.

“कुठे उतरवायचं?” त्याने विचारलं.

“लास्ट स्टॉप. आणि तिकीट द्या त्याचं. विदाऊट नको, परत पाठवतील.”

कंडक्टरने तिकीट फाडलं. “चला, पुढे सरका,” असं बसमध्ये बघून म्हणाला आणि घंटी दिली. बस दिसेनाशी होईपर्यंत काका तिथेच उभे होते. मग मला म्हणाले, “हात खाली घे आता. गेला तो.”

घरी आल्यावर काकांनी दिलेलं तिकीट काकूंनी डोळ्यांजवळ धरून बघितलं, उलटं करून बघितलं, तेवढी काकांची खोड त्यांनाही लागली होती. मग काकांना म्हणाल्या, “फणी द्या.” त्या दिवशी त्यांनी अंबाडा घातला. मी कोपऱ्यावरच्या फुलवालीकडून सोनचाफ्याचं फूल आणलं, ते माळलं. काका कॉटवर आडवे झाले आणि दिवेलागणीपर्यंत झोपले.

काही दिवस छान गेले. मीही ऑफिसात हा किस्सा हात वर करून सांगितला, लोक हसले. आणि त्याच आठवड्यात घरी आलो तर काका गॅलरीत कठडा धरून उभे.

“परत आला,” ते म्हणाले. “ती म्हणते, चालत आलाय. पाय बघा कसे मळलेत.”

तो किस्सा त्यानंतर मी ऑफिसात परत सांगितला नाही.

मग मी जुन्या गोळीच्या मागे लागलो. दादरची दुकानं पालथी घातली. शेवटी गिरगावात एका जुन्या दुकानात, म्हाताऱ्या मालकाने शिडीवर चढून वरच्या फळीवरून ती काढून दिली. मुदत बघितली, शिल्लक होती. मी लढाई जिंकल्यासारखा लालबागला आलो. काकांनी शिक्का वाचला, फुंकर मारली. आम्ही दोघं कॉटसमोर बसून राहिलो, निकालाची वाट बघत.

“इली,” काकू म्हणाल्या. पोपटी लुगड्याची बाई. काकांनी माझ्या मांडीवर थाप मारली. चौथा कप काढायला उठलेसुद्धा.

“आणि तो?” मी विचारलं. विचारायला नको होतं.

काकूंनी पायथ्याकडे मान वळवली. “तो खंय गेलो हा? तो थंयच हा. आता ती पण तेका भियाता.”

परळच्या मोठ्या हॉस्पिटलात आम्ही तिघं टॅक्सीने गेलो. डॉक्टर तरुण होत्या, घाईत होत्या, पण काकांचं बोलणं त्यांनी मध्ये तोडलं नाही. बसच्या तिकिटापर्यंत सगळं ऐकलं.

“काका, दोन्ही गोळ्यांत औषध एकच आहे,” त्या म्हणाल्या. “कंपनी बदलली की काही पेशंटना फरक जाणवतो, मी नाही म्हणत नाही. पण इथे मला वाटतं आजार पुढे गेलाय. आधी चांगले भास असतात, मग असे वाईट येतात, गोळी कुठलीही असो. डोस कमी केला तर भास जातील. पण अंग आखडेल. हात आत्ता चालतो तसा चालणार नाही.”

काकांनी स्ट्रिप उलटीसुलटी केली. मग खाली बघूनच त्यांनी विचारलं, “फक्त त्याला बंद करता येईल काय? बाईला राहू द्या. मुलींना पण.”

डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं. “तसं नाही करता येत हो, काका.”

“मग नको,” काका म्हणाले. “हात राहू दे तिचा. त्याला मी बघून घेईन. रोज बसमध्ये घालीन.”

तेव्हा काकू बोलल्या. हॉस्पिटलात आल्यापासून पहिल्यांदाच. “अहो, तुमचा वय काय? खंयपर्यंत ओढशात तेका?” मग डॉक्टरांकडे वळून म्हणाल्या, “कमी करा. हालूक जमला नाय तरी चलात. केस हे विंचरतीत माझे. पण तो नको.”

डोस कमी झाला. तो गेला. बाई गेली, मुली गेल्या. हातही गेला.

आता सकाळी काका काकूंचे केस विंचरायचे. ज्या हातांनी आयुष्यभर शिक्के ठोकले, ते हात केसांतला गुंता सोडवताना काकूंना दुखवायचे. त्या बोलायच्या नाहीत. चेहराही आखडला होता, त्यामुळे दुखतंय की नाही हे कळायला मार्ग नव्हता. काका मध्येमध्ये थांबून त्यांच्या डोळ्यांत बघायचे, ओले झालेत का.

मला वाटलं, आता खोली मोकळी झाली. एका संध्याकाळी सरळ आत गेलो आणि खिडकीजवळच्या खुर्चीत टेकलो. नियम आता संपले, असं आपलं मी ठरवून टाकलं होतं.

“ऊठ!” काका ओरडले. “विचारल्याशिवाय बसतोस? वहिनी बसल्यात ना!”

मी उडी मारून उठलो. काकूंकडे बघितलं. त्या खुर्चीकडे बघत होत्या आणि त्यांच्या नजरेत काही सापडत नव्हतं.

“माका दिसणा नाय ती,” काकू हळूच म्हणाल्या. शब्दही आता एकमेकांना चिकटून यायचे.

“तुझ्या चष्म्याचा नंबर वाढलाय गो,” काका म्हणाले. “ही काय बसलीय. पोपटी लुगडं. आज नथ पण घातलीय. मुली खाली आहेत, तुझा पाय ओढतात बघ.” आणि त्यांनी कॉटखाली हात घालून काकूंच्या पायाचा अंगठा हलकेच ओढला.

काकूंच्या ओठाच्या कडेला काहीतरी हललं. हसू असावं.

ज्यांना काकांनी कधी पाहिलं नव्हतं, त्यांना ते आता रोज आणायचे. चार कप मांडायचे. उंबऱ्यावरच्या चपला लावायचे. बाई काय म्हणाली, गावाकडे पाऊस कसा आहे, मोठी मुलगी शाळेत कशी रडली, सगळं सांगायचे. मला वाटतं, काकूंना पहिल्याच दिवशी कळलं होतं. पण काका बोलत असले की त्या त्यांच्या हातचं खायच्या. सगळं खायच्या.

पुढे माझं लग्न झालं, मी डोंबिवलीला गेलो. काकू गेल्या तेव्हा मी जाऊन आलो, पण गर्दीत बोलणं झालं नाही. दिवसकार्य आटोपल्यावर एकदा दुपारी मुद्दाम गेलो. दार उघडंच होतं. काका भिंतीला टेकून जमिनीवर बसले होते, चेहरा पिवळा, शेजारी एक पातेलं. खोलीत ओकारीचा वास येत होता.

“काय झालं, काका?”

त्यांनी कॉटकडे बोट केलं. कॉटवर स्ट्रिपा पडल्या होत्या. काकूंच्या. काही गोळ्या फोडलेल्या.

“तिच्या वेळेला घेतो,” काका म्हणाले. “एक सकाळी, एक संध्याकाळी. फुंकर मारून. नुसती मळमळ होते रे. चक्कर येते. कोणी येत नाही.”

मी त्यांच्यासमोर खाली बसलो.

“चांगल्या कंपनीच्या संपल्या,” ते म्हणाले. “ह्या तुझ्या पुलाखालच्या. म्हणून येत नसेल का रे तुझी काकू?” आणि मग आवाज खाली आणून, “पण ह्या गोळीवर तर तो यायला पाहिजे होता. बूटवाला. तो तरी. मी म्हटलं, आला तर कॉलर नाही धरणार. टॉवेल देईन. विचारीन, कुठे नेलंस तिला? तोसुद्धा नाही आला.”

मी सगळ्या स्ट्रिपा गोळा केल्या आणि माझ्या बॅगेत टाकल्या. त्यांनी अडवलं नाही.

“गिरगावातल्या त्या दुकानात मिळेल काय एक पाकीट?” त्यांनी विचारलं. “शिडीवरच्या? एकदाच. ती कपड्यावरचा शिक्का कधी बघायची नाही, हात लावून बघायची. पण एकदा बघायचं म्हणून.”

“ते दुकान बंद झालं, काका,” मी बॅगेची चेन लावत म्हणालो.

“तुला नाही जमत,” काका म्हणाले. “खोटं बोलताना बॅगेकडे नाही बघायचं. मी तिच्याकडे बघून बोलायचो.”

मग ते भिंत धरून उठले. मी पातेलं धुऊन आणलं, तोवर त्यांनी चहा टाकला होता. ट्रे काढला. कप घेताना त्यांचा हात फळीवर थोडा रेंगाळला, आणि दोनच कप घेऊन खाली आला. बाहेर उंबऱ्याजवळ माझ्या चपला वाकड्या पडल्या होत्या. त्यांच्याकडे त्यांनी बघितलं, पण ते उठले नाहीत.

मी खिडकीजवळ गेलो. जुनी सवय, खुर्चीच्या पाठीवर हात ठेवून थांबलो.

“बसू का, काका?”

काकांनी त्या खुर्चीकडे बघितलं. नीट, डोळे बारीक करून बघितलं. मग चहाचा कप माझ्यापुढे केला.

“बस,” ते म्हणाले. “कोणी नाही.”